थंड नखुले

रामनवमी उलटली की आमच्या गल्लीतल्या बाजा घराबाहेर येतात. त्यांच्यावर धुऊन मऊ झालेली धोतरं आणि जुनी लुगडी अंथरली जातात, आणि मग पुढचा महिनाभर त्या बाजांवर माणसाला पाठ टेकायला जागा मिळत नाही. तिथं कुरडया वाळतात, पापड वाळतात, सांडगे वाळतात. परवा सकाळची शाळा सुटल्यावर घरी येत होते, तर गल्लीच्या तोंडाशीच तो वास आला. भिजवलेल्या गव्हाच्या चिकाचा, जरासा आंबूस, जरासा दुधाळ. ऊन मी म्हणत होतं, हातात तपासायच्या पेपरांचा गठ्ठा होता, चपलेचा अंगठा तुटलेला होता, तरी मला हसू फुटलं. उन्हाळा आला की लोक कपाळाला आठ्या घालतात. मला मात्र गेली दोन वर्षं उन्हाळा आला की जिंकल्यासारखं वाटतं.

का, ते सांगायचं तर एका इटालियन सॅलडची हकिगत सांगावी लागेल. ती इटलीत नाही, आमच्या तेलगावात घडली.

त्याआधी नखुल्यांबद्दल दोन शब्द. हल्ली विचारणाऱ्या पुष्कळ भेटतात. बन्सी गव्हाची सोजी, म्हणजे बारीक रवा, घट्ट तिंबायची, ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी घ्यायची, पाटावर ठेवून अंगठ्याच्या नखानं दाबत पुढं ओढायची. गोळी वाकते, आत खळगा पडतो, झाला नखुला. सरगुंड्याला बारीक काडी लागते. पिठाची दोरी काडीवर गुंडाळायची आणि जरा सुकली की काडी हळूच ओढून काढायची. आतून पोकळ, बाहेरून वेटोळी. असल्या सगळ्या हातवळणीच्या प्रकारांना मिळून वळवट म्हणतात. उन्हात खडखडीत वाळवून डब्यात भरलं की वर्षभर बघायला नको. कधी खीर, कधी आमरसासोबत, कधी नुसतंच उकडून वर तूप-गूळ.

माझं माहेर तलवाड्याचं. तिथं आमच्या अंगणातल्या लिंबाखाली बायका वळवटाला बसायच्या, आज आमच्या घरी, उद्या शेजारी, परवा तिच्या पलीकडे. मला तेव्हा नखं खायची सवय होती. नखच नाही तर नखुला कसला! माझे नखुले म्हणजे चपटे, जाडे, एका बाजूला कललेले. आई ते वेगळ्या ताटलीत काढायची आणि सगळ्यांना दाखवायची. "ह्ये बगा, आमच्या सुमनचे. सासरी जाऊन आमची आब्रू काढनार ही." बायका खदखदा हसायच्या आणि मी रागानं उठून विहिरीवर जायची. राग माझ्या नाकावर असतो, तो तेव्हापासूनचा आहे.

पुढं नांदायला तेलगावात आले आणि पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या थोरल्या जाऊबाईंचा हात पाहिला. त्यांना आम्ही सगळे आक्का म्हणतो. आक्का बोलत बोलत नखुले करायच्या. नजर समोरच्या बाईच्या तोंडाकडे, आणि अंगठा आपला आपण चालू. तासाभरानं सूप उचलावं तर सगळे नखुले एका मापाचे, एका वळणाचे. सोजी किती घट्ट हवी ते त्या पाणी मोजून ठरवत नसत, बोटानं दाबून सांगत. "सैल झालंय," किंवा "आता बस." माझे जाडे नखुले त्यांनी कधी कुणाला दाखवले नाहीत. गुपचूप स्वतःच्या सुपात ओढून घ्यायच्या आणि परत वळून ठेवायच्या. हे मला फार उशिरा कळलं.

आमच्याकडे लग्नात रुखवत मांडलं की बायका त्याच्याभोवती गोळा होतात. डिनर सेट, कुकर, फ्रेमा यांच्यावरून नजर फिरते आणि वळवटाच्या ताटाशी थांबते. मग ठरलेला प्रश्न येतो, "कुणाच्या हातचं?" त्या प्रश्नाला बाईचं नाव मिळणं म्हणजे आमच्या इथं मोठीच गोष्ट. पंधरा-सोळा वर्षं आमच्या गल्लीतल्या प्रत्येक लग्नात त्या प्रश्नाचं उत्तर एकच होतं. तेलगावच्या आक्कांच्या.

मग थोरले दीर गेले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात समोरच्या शांताकाकूंकडे लेकीचं लग्न निघालं. लग्नाच्या वळवटाचा मुहूर्त पाच सवाष्णींनी करायचा असतो. हळदकुंकू वाहायचं, पहिली गोळी वळायची, मग बाकीचं काम. बोलावणं मला होतं. आक्का दरवर्षीसारख्या आपला शिसवी पाट काखेत घेऊन गल्ली ओलांडून आल्या. आपल्याला नसेल बोलावलं, हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नसावं. शांताकाकू उठल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "आक्का, तुमी बसा घरी निवांत. लई ऊन हाय." एवढंच. कुणी वाईट बोललं नाही, कुणी आवाज चढवला नाही. आक्का "हाव, ऊन तर हायच," म्हणाल्या आणि पाट घेऊन परत गल्ली ओलांडून गेल्या.

मी तिथं पाचातली एक होते. शाळेत पोरांना समानतेवर भाषण देणारी, फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'अंधश्रद्धा' लिहून त्यावर फुली मारणारी. मी खाली मान घालून पीठ मळत राहिले. माझ्या नाकावरचा राग त्या दिवशी कुठं गेला होता कुणास ठाऊक. ही गोष्ट मी फार लोकांना सांगितलेली नाही.

आक्का दर उन्हाळ्यात मागच्या खोलीत एकट्या बसून वळवट करत राहिल्या. कुणासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पत्र्याचे डबे भरत गेले. घरात खायला ते चालायचं, चांगलं चापून खायचो आम्ही. गल्लीतल्या बायकाही बाळंतिणीच्या खिरीसाठी वाटीभर मागून न्यायच्या. फक्त रुखवतात ते जायचं नाही. सात-आठ उन्हाळे असे गेले.

आणि मग तो वैशाख आला.

माझी लेक केतकी पुण्यात नोकरी करते. तिचं लग्न ठरलं ते माजलगावच्या घरात. मुलगा तिच्याच ओळखीतला, घरची मोंढ्यात धान्याची आडत. आता फक्त तारीख काढायची होती, आणि त्यासाठी ती मंडळी आमच्याकडे जेवायला येणार होती. केतकी आठ दिवस आधी सुट्टी टाकून आली आणि आल्या आल्या फर्मान काढलं, "आई, तू आमरस कर, पुरी कर, काय करायचं ते कर. एक पातेलं माझं."

पातेलं कसलं, तर पास्ता आणि कडधान्यांचं थंड सॅलड. इटलीतले लोक म्हणे उन्हाळ्यात खातात. पुण्याच्या खोलीवर, गॅसजवळ उभं राहवत नाही अशा दिवसांत ती आणि तिच्या मैत्रिणी एकदाच पास्ता उकडायच्या, त्यात उकडलेला राजमा-चवळी, टोमॅटो, काकडी, कांदा, वरून तेल आणि आंबट काहीतरी, आणि गार करून दोन दिवस खायच्या. "जन्मभर त्या घरात जेवायचंय मला," केतकी म्हणाली. "मला काय आवडतं ते त्यांना एकदा कळू दे की."

हे ऐकून तिचे बाबा हादरले. "पाव्हण्यांला गार वाढनार? शिळं म्हनतील लोक."

"बाबा, तुम्ही उसाचा रस गरम करून पिता का?"

आमचे हे स्वतः ऊस लावतात. ते शेताकडं निघून गेले.

केतकीनं पुण्याहून पास्त्याची दोन मोठी पाकिटं आणली होती, शंखाच्या आकाराचा आणि वेटोळ्यांचा. बाकीचं इथलंच जमवलं. ऑलिव्हच्या तेलाऐवजी घाण्याचं करडीचं तेल. व्हिनेगरच्या जागी कैरी. काकडीच्या जागी वाळूक, आमच्याकडचं उन्हाळी फळ, काकडीपेक्षा रसाळ आणि किंचित खरबुजाच्या वासाचं. आणि त्या सॅलडात जी वासाची पानं लागतात, त्यांचा फोटो तिनं मोबाईलवर दाखवला तेव्हा आक्काच म्हणाल्या, "ह्यो तर सब्जा हाय. दर्ग्याच्या आंगनात बगा, मुजावराच्या घरी." केतकी गेली आणि ओंजळभर पानं घेऊन आली. वासानं सगळं स्वयंपाकघर भरून गेलं. पुण्यात इवल्याशा पुडीत विकत मिळणारी पानं इथं मागितल्यावर फुकट मिळतात म्हणून पोरगी हरखून गेली होती.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी केतकीला घेऊन मी माजलगावला कपड्यांच्या खरेदीला गेले. दुकानात चार वाजले आणि मला आठवलं की कडधान्य भिजत घालायचं राहिलं. घरी फोन लावला. "आक्का, ओट्यावर पिशवी आहे ना, त्यातलं सगळं भिजत घाला." फोन ठेवला आणि साड्यांच्या ढिगात परत डोकं घातलं.

मी विज्ञान शिकवते. प्रयोगाआधी पोरांना बजावते की कृती नेमकी लिहा, अर्धवट सूचना म्हणजे अपघात. तर पिशवीत चवळी होती, राजमा होता आणि पास्त्याची दोन पाकिटं होती. आक्कांनी सगळं भिजत घातलं. वाळलेली, कडक वस्तू घरात आली की रात्रभर पाण्यात पडायची, ही त्यांच्या हाताची जन्माची सवय; आणि मी सांगितलंही तसंच होतं. आम्ही अंधार पडल्यावर दमून घरी आलो, झाकलेली तीन पातेली पाहिली आणि निश्चिंत झोपलो.

सकाळी केतकीची किंकाळी ऐकू आली. पास्ता फुगून पांढराफटक झाला होता. एकमेकांना चिकटून त्याचा गोळा झालेला, वर फेस आलेला, आणि वैशाखातल्या उकाड्यानं आंबूस वास सुटलेला. बोट लावलं तर लगदा. पुण्यात राहून पोरगी शुद्ध बोलायला लागली होती, पण घाबरल्यावर सगळं परत आलं. "मोठीआई, ह्ये कावून भिजीवलं ओ?"

"सुमनच म्हनली, सगळं भिजीव."

आणि मी, चूक धडधडीत माझी असताना, त्या बाईवर उसळले. "आक्का, पाकिटावर काय लिहिलंय ते बघायचं तरी!" पाकिटावर इंग्रजी होतं. आक्का चौथीपर्यंत शिकलेल्या. वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मला माझीच लाज वाटली, पण ते परत घेता येत नव्हतं. आक्कांनी हात पुसले आणि त्या मागच्या खोलीत गेल्या. मला वाटलं, रडायला गेल्या.

त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत दोन डबे होते. एक नखुल्यांचा, एक सरगुंड्यांचा. केतकीनं झाकण उघडलं, मूठभर नखुले हातावर घेतले, फुटक्या नशिबासारखा पडलेला तो लगदा पाहिला, परत हातातले नखुले पाहिले. "आई," ती म्हणाली, "हे तेच आहे की गं! ह्याच्याहून चांगलं आहे. तिकडचा पास्तासुद्धा कडक गव्हाच्या रव्याचाच असतो."

"कडक गहू म्हंजी बन्सीच की," आक्का म्हणाल्या. मग एकदम थांबल्या आणि डब्याचं झाकण परत लावायला लागल्या. "पर सुमन, तारीख काढाया यायलेत ती मान्सं. माज्या हातचं त्यांच्या ताटात... नगं. शांताकाकू बी येनार हायेत जेवाया."

मी त्यांच्या हातातलं झाकण काढून घेतलं. "आक्का, पाहुणे दुपारी दारात उभे राहतील. टाका उकळायला पाणी."

"टाकते. पर येक सांगते, माजं नाव घिऊ नगंस. केतकीनं केलं म्हन."

त्या वेळी मी हो म्हणाले. घाईत होते, म्हणाले.

मग जो स्वयंपाक झाला तो मी विसरणार नाही. मोठ्या पातेल्यात मीठ घालून पाणी खळखळलं, आक्कांनी नखुले सोडले आणि केतकीला ढवळू दिलं नाही. "मोडतेत. नुसतं पातेलं हालीव." केतकी मोबाईल बघून सांगत होती की आतून किंचित कडक राहिले पाहिजेत. "मंग? गिच्च करून कुनी खातंय व्हय?" आक्कांनी एक नखुला दातांखाली धरला, मान हलवली आणि दुरडीवर फडकं टाकून सगळं पाणी वेळून काढलं, शेवया वेळतात तसं. वरून रांजणाचं थंड पाणी. नखुला न् नखुला सुटा. केतकीनं टाळ्या वाजवल्या. पुण्यात तिचा पास्ता नेहमी चिकटायचा म्हणे.

चवळी आणि राजमा शिजवून निवत ठेवले होते. मी कैरी किसून तिचा रस पिळला, त्यात ठेचलेला लसूण, मिरपूड, चिमूटभर गूळ. केतकीनं करडीचं तेल धार धरून ओतत फेटलं. वाळूक, टोमॅटो, कांदा, जाडसर भरडलेले शेंगदाणे. शेवटी सब्जाची पानं हातानं फाडून. तोवर लाईट गेली. आमच्याकडे पाहुणे यायचे म्हटलं की लाईट जातेच. फ्रीज मुका झाला. मग आक्कांनी पातेल्याला ओलं पोतं गुंडाळलं, पातेलं लिंबाच्या सावलीत वाळूवर ठेवलं आणि दर थोड्या वेळानं पोत्यावर पाणी मारत राहिल्या. मी एक नखुला चोरून खाल्ला. आधी कैरीचा झटका, मग तेलाचा भुईचा वास, मग दातांखाली तो चिवट, गुळगुळीत बन्सी गहू. उन्हात उभी होते आणि कानामागून गार वाटलं.

पाहुणे आले ते उन्हानं करपून आले होते. पुरुष ओसरीवर, बायका माजघरात. केतकीनं आमरसाच्याही आधी तिच्या पातेल्यातलं वाटीवाटीनं वाढलं. होणाऱ्या विहीणबाई भारदस्त बाई, मोंढ्यातल्या घरात जन्म गेलेला, जवळ बसलं तर भीतीच वाटावी अशी गप्प. त्यांनी एक घास घेतला. चमचा खाली ठेवला. मग एक नखुला बोटांनी उचलून पुढच्या दातांनी अर्धा तोडला आणि तुटलेली बाजू उजेडात धरून बघितली, दुकानात गहू पारखतात तशी.

"कुणाच्या हातचं हाय ह्ये?" त्यांनी विचारलं.

मला स्वयंपाकघराचं दार दिसत होतं, दारामागं आक्कांच्या लुगड्याचा काठ दिसत होता. माझ्या जिभेवर 'केतकीच्या' हा शब्द तयार होता. मी कबूल केलं होतं, आक्कांनीच सांगितलं होतं, तारीख निघायची होती, पोरीच्या जन्माचा प्रश्न होता. गप्प बसायला जेवढी कारणं लागतात, तेवढी सगळी माझ्याकडे होती. मागच्या वेळीही होती.

"माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या," मी म्हणाले. "आमच्या आक्कांच्या."

शांताकाकूंनी चटकन सावरून घेतलं. त्यांच्या परीनं त्या माझं भलंच बघत होत्या. "म्हंजी केलंय समदं केतकीनंच. आक्कांनी आपला जरा हात लावला."

"हात लावला नाही, काकू," मी म्हणाले, आणि माझा आवाज ओसरीपर्यंत गेला असणार, कारण तिथलं बोलणं बंद पडलं. "हात त्यांचाच आहे. आमचे दीर गेल्यापासून या गल्लीनं तो हात रुखवताला लावू दिला नाही. मीसुद्धा त्यातच होते."

ओसरीवर आमच्या ह्यांना खोकला आला. केतकी हातात पातेलं धरून उभी होती, डोळे एवढे मोठे. मला वाटलं, झालं, मोडलं लग्न. आणि खरं सांगते, त्या क्षणीही मला हलकं वाटत होतं.

विहीणबाई उठल्या. वाटी हातात घेऊन, गुडघ्यावर हात दाबत, सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेल्या आणि दार लोटलं. आक्का भिंतीला चिकटून उभ्या होत्या, तोंडाला पदर.

"बन्सी हाय का ओ?" विहीणबाईंनी विचारलं.

आक्कांना पदर काढावाच लागला. "बन्सीच. पर औंदाचा न्हाई, गेल्या सालचा."

"तरीच. औंदाच्या गव्हाला जीव न्हाई बगा. आमच्या मोंढ्यात पोती पडल्यात, कुनी हात लावंना. चाळला कशातून?"

"सोजी दोनदा चाळली. मंग दिसभर झाकून ठिवली."

आणि त्या दोघी तिथंच खाली बसल्या. गहू, सोजी, चाळण्या, कोणत्या रानातला बन्सी चिवट आणि कोणत्या रानातला ठिसूळ. इकडे आमरस गरम व्हायला लागला, पुऱ्या गार पडल्या, ओसरीवरून दोनदा निरोप आला की तारखेचं बोलायचंय. विहीणबाईंनी तिथूनच ओरडून सांगितलं, "काढा कोनची बी! मला गव्हाचं इचारू द्या." बारक्या वाटीतलं संपलं तेव्हा त्यांनी ती पुढं केली आणि आक्कांनी स्वतःच्या हातानं परत वाढलं. निघताना उंबऱ्यावर थांबून विहीणबाई मला म्हणाल्या, "विहीणबाई, रुखवताला त्यो स्टीलचा पसारा नगं. ह्ये ठिवा. आन् नाव लिवा."

केतकीच्या लग्नात रुखवताच्या मधोमध पाच परातींत वळवट होतं. नखुले, सरगुंडे, मालत्या, बोटवे, शेवया. केतकीनं पुठ्ठ्यावर स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'माझ्या मोठीआईच्या हातचं'. आक्का दिवसभर त्या परातींच्या आसपास काहीतरी काम काढून घुटमळत होत्या. पुठ्ठा जरा वाकडा झाला की सरळ करत होत्या. कुणी बाई थांबून वाचायला लागली की दुसरीकडे बघत होत्या, पण हलत नव्हत्या. मी दुरून पाहत होते आणि मला रडू येत होतं. लेक सासरी चालली म्हणून रडते असं समजून बायका माझी समजूत घालत होत्या. मी घालू दिली.

आता ते सॅलड गल्लीभर झालंय. त्याला सॅलड कुणी म्हणत नाही, थंड नखुले म्हणतात. कुणी त्यात चवळीऐवजी मटकी घालतं, कुणी कैरीऐवजी चिंच. तेलगावच्या कारखाना-कॉलनीतल्या एका बाईनं वरून शेव घातली होती, ते मला पसंत नाही. आमचे हेसुद्धा शेतातून आले की रांजणाशी जातात आणि विचारतात, "शिळं हाय का काई?" केतकी माजलगावला येते तेव्हा पुण्याला जाताना दोन डबे नेते. तिच्या ऑफिसात कुणीतरी विचारलं, हा पास्ता कुठल्या कंपनीचा? ती म्हणाली, मोठीआई. त्यांना ते कंपनीचं नाव वाटलं असेल, वाटू दे.

मी त्या सकाळच्या वाक्याबद्दल आक्कांची माफी मागितली होती, लग्नाच्या गडबडीत एकदा, पाटा-वरवंट्याशी बसल्या बसल्या. त्या म्हणाल्या, "आगं, तू वरडली म्हनून तर मला डबे आठवले." यात माफी होती की टोमणा, ते मला अजून उमगलेलं नाही. त्यांनाही ते तसंच ठेवायचं असावं.

आणि आता परवाची गोष्ट, ज्या वासानं मला गल्लीच्या तोंडाशी हसू आलं त्या दिवसाची. शांताकाकूंच्या नातीचं लग्न निघालंय. त्यांच्या ओसरीवर मुहूर्ताची तयारी होती. मी पेपरांचा गठ्ठा घरात टाकला, पाय धुतले आणि समोर जाऊन बसले. काकूंची सून होती, शेजारच्या दोघी होत्या. काकूंचे गुडघे गेलेत, खाली बसवत नाही, त्या खुर्चीवर होत्या. मध्ये परातीत पीठ, बाजूला हळदकुंकवाचं ताट. पाचवी कोण यायची आहे, मी विचार करत होते. काकूंनी बोलावणंच आम्हा चौघींना धाडलं होतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

आक्का आमच्या दारात उभ्या होत्या. रिकाम्या हातांनी, कडीला धरून, सहज उभं राहिल्यासारख्या.

शांताकाकूंनी बोट दाखवत मोजायला सुरुवात केली. "येक. दोन. तीन. चार." बोट हवेत थांबलं. मग गल्ली ओलांडून आमच्या दाराकडे गेलं. "पाच," काकू म्हणाल्या. "या की आक्का. ऊन चढलंय."

आक्का जागच्या हलल्या नाहीत. मग त्या म्हणाल्या, "थांबा, पाट घिऊन येते," आणि आत गेल्या. आत किती वेळ लावला त्यांनी! एक पाट उचलायला एवढा वेळ लागत नाही. बाहेर काकू खुर्चीवर नातीच्या मुहूर्ताची वेळ बघत चुळबुळत होत्या आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, लावा आक्का, अजून लावा.

त्या आल्या. शिसवी पाट काखेत, पदर खोचलेला. गल्ली ओलांडली, ओसरीची पायरी चढल्या, माझ्या आणि काकूंच्या सुनेच्या मध्ये जागा करून बसल्या. काकूंनी वाकून त्यांच्या पाटाला हळदकुंकू लावलं. सगळ्या जणी आक्कांच्या अंगठ्याकडे बघत होत्या. आक्कांनी परातीतलं पीठ बोटानं दाबून पाहिलं, एकदा, दोनदा, आणि मान वर केली.

"सैल झालंय, काकू," त्या म्हणाल्या. "मूठभर सोजी आना."

आणि शांताकाकू खुर्चीचा हात धरून, गुडघे सावरत उठल्या आणि सोजी आणायला आत गेल्या.